दोन अधिक तीन गुणिले चार

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली म्हणजे एकमेकांना कोडी घालण्याची चाल पुष्कळ घरांत असते. तुमच्याही घरी ती असेल असे धरून एक अगदी साधे कोडे सुचवते. दोन अधिक तीन गुणिले चार किती? मात्र हे कोडे तोंडी घालू नका. कागदावर २ + ३ × ४ असे लिहून तो कागद ताटाशेजारी ठेवा. तोंडी विचारले की माणूस नकळत कुठेतरी श्वास घेतो आणि त्या श्वासातच उत्तर फुटते. कागदाला श्वास नसतो. त्यामुळे घरात लगेच दोन पक्ष पडतील. एक पक्ष वीस म्हणेल, दुसरा चौदा. वाद वाढला तर वाण्याच्या गल्ल्यावर असतो तसला साधा कॅल्क्युलेटर आणून त्याची बटणे याच क्रमाने दाबा. तो वीस दाखवील. मग खिशातला मोबाइल काढून त्यावर तेच लिहा. तो बहुधा चौदा दाखवील. दोन्ही यंत्रे धड आहेत, आणि दोघांनाही खोटे बोलण्यात काही स्वारस्य नाही. तरी त्यांचे एकमत नाही.

करमणूक म्हणून हे ठीक आहे. परंतु ज्या बाईला चौथी-पाचवीच्या वर्गात उभे राहून चाळीस-पंचेचाळीस मुलांना यातले एकच उत्तर बरोबर आणि दुसरे चूक असे सांगावे लागते, तिच्यापुढे ते करमणूक म्हणून येत नाही. मी ते काम बरीच वर्षे केले, आणि तेही ठाण्याच्या वागळे इस्टेटीत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म याच वसाहतीत १ ऑगस्ट १९६२ रोजी एका छोट्याशा समारंभाने झाला. आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि गळ्यात ओळखपत्रे अडकवलेली तरुण मंडळी चहाच्या टपऱ्यांपाशी गर्दी करतात, तिथे एके काळी लेथ आणि शेपर यांची घरघर होती. किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर या बाजूंनी जी मुले माझ्या वर्गात येत, त्यांतल्या पुष्कळांचे वडील किंवा आजोबा टर्नर, फिटर, वेल्डर नाहीतर हेल्पर होते. गणित या मुलांच्या घरात होते. फक्त ते वहीत नव्हते, हातांत होते.

या मुलांना ‘पदावली’ शिकवायची वेळ आली की मराठी शाळेत एक मंत्र दिला जातो. कंचेभागुबेव! आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. ‘चे’ म्हणजे ‘बाराचे एकतृतीयांश’ यातला ‘चे’. शब्द मोठा गमतीचा आहे. एखाद्या आडगावच्या पाटलाचे आडनाव वाटावे असा. मुलांना तो आवडतो, चालीवर म्हणता येतो, आणि आठ दिवसांत वर्गातली भिंतसुद्धा तो म्हणू लागते. मग २ + ३ × ४ चे उत्तर सर्वांचे चौदा येते आणि बाई पुढच्या धड्याकडे वळतात.

वर्गात असे एखादे पोर असतेच, जे हात वर करून विचारते, “बाई, पण आधी गुणाकारच का? आपण तर डावीकडून वाचतो ना?”

या प्रश्नाला सर्वांत सोपे उत्तर ‘नियम आहे’ हे होय. ते खोटेही नाही. परंतु हे दोन शब्द आमच्या वस्तीतली मुले आणखी कुठे ऐकतात याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आईबरोबर रेशनच्या रांगेत उभी राहिली की खिडकीतून ऐकू येते, नियम आहे. आजोबांना घेऊन दवाखान्यात गेली की कागद परत ढकलला जातो, नियम आहे. वडिलांच्या कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागते तेव्हा तिथेही कोणीतरी तेच सांगते. या सगळ्या ठिकाणी ‘नियम आहे’ याचा खरा अर्थ एवढाच असतो की आता विचारू नकोस. आणि मग फळ्यापाशी उभी राहून मीही तेच दोन शब्द त्याच सुरात उच्चारले, तर त्या मुलाने गणिताची गणना कुठे करावी? खिडकीपलीकडच्या माणसांतच की नाही? मला हा प्रश्न गणिताचा वाटत नाही, नीतीचा वाटतो. लहान मुलाला जे खरे आहे ते आणि जे ठरवलेले आहे ते, दोन्ही एकाच आवाजात सांगण्याचा शिक्षकाला अधिकार आहे काय?

सात आठे छप्पन्न, हे खरे आहे. ते कोणत्याही मंडळाने ठरवलेले नाही आणि कोणत्याही मंडळाला बदलता येणार नाही. चिंचोके घ्या, सात ओळींत आठ-आठ मांडा, मोजा. राजाच्या वाड्यात मोजा नाहीतर झोपडीत मोजा, छप्पन्नच भरतात. मुलाला कोणाची परवानगी लागत नाही. आता त्याच चिंचोक्यांना २ + ३ × ४ चा निवाडा करायला सांगा. दोन सुटे ठेवून शेजारी चार-चारांचे तीन ढीग मांडले तर चौदा होतात. दोन आणि तीन असे पाच एकत्र करून अशा चार ओळी मांडल्या तर वीस होतात. दोन्ही मांडण्या खऱ्या, दोन्ही मोजण्या अचूक. चिंचोके निर्दोष आहेत. त्या कागदावरच्या ओळीने यांतली कोणती मांडणी मागितली आहे, एवढेच त्यांना ठाऊक नाही. म्हणजे भांडण संख्यांचे नसून वाचनाचे आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकावी यासारखा तो एक संकेत आहे.

पण इथे आणखी एक धोका आहे. ‘संकेत’ म्हटले की हुशार मुलाच्या, आणि त्याहूनही अधिक अर्धवट हुशार मोठ्यांच्या, मनात येते की मग तो मोडला तर काय बिघडले? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते आमच्या इस्टेटीतल्या वेल्डिंगच्या दुकानात मिळाले. तिथे ऑक्सिजनचे आणि ॲसिटिलिनचे असे दोन बाटले शेजारी शेजारी उभे असतात. ऑक्सिजनच्या जोडणीचे आटे नेहमीसारखे उजवे, आणि ॲसिटिलिनच्या जोडणीचे मात्र उलटे, डावे. जळणाऱ्या वायूचा असा काही निसर्गधर्म नाही की त्याचे आटे डावे असावेत. कोणीतरी ठरवले आहे, की घाईत किंवा अंधारात चुकीची नळी चुकीच्या बाटल्याला बसूच नये. तो निव्वळ संकेत आहे आणि त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. याउलट, लोखंडाला आधी ड्रिलने भोक पाडावे आणि मग टॅपने आटे पाडावेत, हा क्रम कोणी ठरवलेला नाही; लोखंडच तो ठरवते. एकाच दुकानात, एकाच कामगाराच्या हातात दोन्ही तऱ्हेचे क्रम नांदत असतात, आणि चांगला कामगार दोन्ही पाळतो. फरक एवढाच, की कोणता कशासाठी पाळतो हे त्याला ठाऊक असते. आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकणारे पोरगेही पहिल्या वर्षात हे शिकते. मग पाचवीतल्या मुलाला ते समजणार नाही असे आपण का धरून चालावे?

मौज अशी की हे कोडे फार जुने नाही. अधिक-वजाच्या खुणा छापील पुस्तकात प्रथम आल्या त्या १४८९ साली, जर्मनीत. बरोबरची खूण १५५७ साली इंग्लंडात रॉबर्ट रेकॉर्डने आणली. गुणाकाराची फुली विल्यम ऑट्रेडच्या पुस्तकात १६३१ साली आली, म्हणजे शिवजन्मानंतर एका वर्षाने. आणि भागाकाराची आडवी रेघ व दोन टिंबे योहान रान याने १६५९ साली छापली. त्याआधी २ + ३ × ४ असा प्रश्न विचारणेच शक्य नव्हते. आपल्या भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० च्या सुमाराची. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यावर आहे. त्या लीलावतीत उलट्या रीतीचे एक उदाहरण आहे. एका संख्येला तिनांनी गुणावे, आलेल्या गुणाकारात त्याचेच तीनचतुर्थांश मिळवावेत, मग सातांनी भागावे, आलेल्यातून त्याचाच तिसरा हिस्सा काढावा, उरल्याचा वर्ग करावा, त्यातून बावन्न उणे करावेत, वर्गमूळ काढावे, आठ मिळवावेत, दहांनी भागावे, दोन उरतात. तर मूळ संख्या कोणती? शेवटापासून मागे येत प्रत्येक क्रिया उलटवीत जा, अठ्ठावीस येते. इतक्या क्रिया असूनही गोंधळ तसूभर नाही, कारण ‘मग’ हा शब्द जागोजागी उभा आहे. खुणांनी आपले श्रम वाचवले, कागद वाचवला, पण त्या गडबडीत ‘मग’ हा शब्द गळून पडला. कंचेभागुबेव ही त्या गळलेल्या शब्दाची भरपाई आहे, असे मला वाटते. आणि ती भरपाईही सर्वत्र एकसारखी झालेली नाही. फ्लोरियन कॅजोरी या इतिहासकाराने गणिती खुणांवरचा आपला मोठा ग्रंथ १९२८ साली काढला, त्यात त्याने स्पष्ट लिहिले आहे की भागाकार आणि गुणाकार एकत्र आले असता क्रम कोणता धरावा याबद्दल अजून एकमत नाही. आमच्याकडे मंत्रात भागाकार आधी येतो. अमेरिकेतल्या मुलांच्या मंत्रात गुणाकार आधी येतो.

तरीही गुणाकाराला बेरजेच्या आधीचा मान मिळाला हे केवळ लहरीने झाले असे नाही. घरातला जमाखर्च पहा. भाजीची पिशवी घरी आली की आपण हिशेब करतो तो असा: दोन रुपयांची कोथिंबीर, आणि चार रुपयांना एक अशी तीन लिंबे. (हे भाव जुने आहेत, चालवून घ्यावे, आजचे लिहिले तर सणासुदीला तोंड कडू होईल.) यात दोन आणि तीन यांची बेरीज करणारा माणूस कोथिंबिरीचे रुपये आणि लिंबांचा आकडा एकत्र करीत असतो. रुपयांत लिंबे मिळवता येत नाहीत. आधी लिंबांचे रुपये करावे लागतात, आणि ते काम गुणाकाराचे. कामगाराच्या पगाराचेही तेच. १९४८ च्या कारखाने कायद्याने जादा तासांना दुप्पट दर लावून दिला. समजा दिवसाची मजुरी ४८० रुपये, म्हणजे तासाला ६०, आणि जादा तासाला १२०. दोन तास जास्त काम केले तर ४८० + २ × १२०, म्हणजे ७२० रुपये. आता हेच डावीकडून सरळ सोडवत गेलो तर ४८२ गुणिले १२०, एका दिवसाचे ५७,८४० रुपये! वर्गात हे मांडले तेव्हा मुले इतकी हसली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. त्या दिवशी कोणालाही नियम पाठ करावा लागला नाही. आयुष्यातले बहुतेक हिशेब ‘इतके सुटे आणि इतक्यांचे इतके’ अशा घाटाचे असतात, म्हणून त्या घाटाला बिनकंसाची वाट मोकळी ठेवली. दुसऱ्या घाटाने कंस घालून यावे, असे ठरले. ठरवलेले आहे, पण ठरवण्याला कारण आहे. वाण्यालाही हे पक्के ठाऊक असते. त्याचा कॅल्क्युलेटर अडाणी असला तरी तो अडाणी नसतो. प्रत्येक गुणाकार झाला की तो एम-प्लसचे बटण दाबून बाजूला टाकतो आणि शेवटी सगळे एकदम काढतो.

इथपर्यंत सारे सुरळीत आहे. पण ज्या एका प्रसंगाने मी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहू लागले तो आता सांगायला हवा. पाचवीतली एक मुलगी, वडील एका छोट्या वर्कशॉपात टर्नर. अक्षर मोत्यासारखे, आणि जे सांगितले ते तंतोतंत करण्याचा स्वभाव. ती बाहेर एका शिकवणीला जात असे. एका सराव परीक्षेत १० − ४ + ३ असे उदाहरण आले. तिने मंत्र आठवला. ‘बे’ आधी, ‘व’ नंतर. म्हणून आधी चार आणि तीन मिळवले, सात. दहातून सात गेले, उरले तीन. उत्तर चूक, गुण शून्य. तिच्या शेजारचा मुलगा मंत्र साफ विसरला होता. त्याने डावीकडून सरळ सोडवले. दहातून चार गेले सहा, सहात तीन मिळवले नऊ. उत्तर बरोबर, पूर्ण गुण. गंमत अशी की त्याच पेपरात २ + ३ × ४ सारखेही एक उदाहरण होते, तिथे त्याचे विस्मरण त्याला नडले आणि तिची आज्ञाधारकता तिला तारून गेली. दोघांची बेरीज सारखीच झाली. पण ती मुलगी रडत होती आणि तो मुलगा हसत होता. आणि ती मला जे म्हणाली ते मी विसरलेले नाही. “बाई, मी सांगितलं तसंच केलं.”

तिने खरोखरच सांगितले तसेच केले होते. शिकवणीत तिला मंत्र दिला होता, मंत्राचा अर्थ दिला नव्हता. बेरीज आणि वजाबाकी ही एकाच पायरीवरची भावंडे आहेत; जो डावीकडे उभा असेल त्याचा नंबर आधी. भागाकार आणि गुणाकार यांचेही तसेच. पण मंत्रात अक्षरे एकामागून एकच उच्चारता येतात, म्हणून पोराला वाटते की मागचे अक्षर खालच्या पायरीवर आहे. मी मग घरी बसून एक उद्योग केला. मंत्रातली अक्षरे शब्दशः पाळली तर कुठे कुठे अपघात होतो ते तपासून पाहिले. ‘भागु’ या जोडीत भागाकार खरोखरच आधी उरकून घेतला तरी उत्तर कधी बिघडत नाही. बिघडते ते ‘बेव’ या जोडीत. तिथे ‘वबे’ असते, म्हणजे वजाबाकी आधी आणि बेरीज नंतर, तरी शब्दशः पाळणाऱ्या मुलाचे उत्तर चुकले नसते. फार तर मध्येच त्याला शून्याखालच्या संख्येला तोंड द्यावे लागले असते. दोन अक्षरांची अदलाबदल! पण ‘कंचेभागुवबे’ काही जिभेवर बसत नाही, हेही खरे.

जुन्या माणसांनी ‘बेव’ असे का म्हटले असावे याचाही मला एक तर्क आहे. आपल्या कीर्दीत जमेची बाजू वेगळी आणि नावेची वेगळी. जमेच्या सगळ्या रकमा आधी एकत्र करायच्या, नावेच्या सगळ्या एकत्र करायच्या, आणि शेवटी एकातून दुसरी वजा करायची. १० − ४ + ३ यात जमेला दहा आणि तीन, नावे चार. तेरातून चार गेले, नऊ. म्हणजे बेरीज आधी केली तरी उत्तर बरोबर येते. फक्त कोणाची बेरीज करायची हे कळले पाहिजे. चाराच्या डावीकडे जी खूण आहे ती चाराची आहे, तिनाशी तिचा संबंध नाही. त्या मुलीला मी हे तिच्या वडिलांच्या पगाराच्या चिठ्ठीवरून दाखवले. मूळ पगार, महागाई भत्ता, जादा तास एका बाजूला. फंड, विमा, उचल दुसऱ्या बाजूला. तिने ते पाहिले आणि एकच प्रश्न विचारला: मग माझे उत्तर कोणाची चूक? मी तिला खरे ते सांगितले, की तुझी नव्हे.

माझ्या मताला विरोध करणाऱ्या एक ज्येष्ठ सहकारी होत्या आणि त्यांचे म्हणणे मी हलके मानीत नाही. त्या म्हणत, “अहो बाई, शंका ही चैन आहे. ज्याच्या घरी विचारायला कोणी आहे त्याने ती करावी. आपल्या मुलांना शिष्यवृत्तीच्या पेपरात एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. त्यांच्या हातात पक्का नियम द्या. उद्या सात आठे छप्पन्नसुद्धा ‘हे कोणी ठरवलं’ म्हणून विचारतील.” पहिल्या भागात पुष्कळ तथ्य आहे. गरिबाच्या मुलाला डळमळीत ज्ञान देणे हा उदारपणा नव्हे, आणि ‘तुझेही बरोबर, त्याचेही बरोबर’ असे म्हणून हात झटकणारा शिक्षक मला मंत्र घोकवणाऱ्याहून वाईट वाटतो. परीक्षेत चौदाच लिहायचे, यात मी कधी तडजोड केली नाही. दुसऱ्या भागाची मात्र मला भीती वाटत नाही. विचारू द्या की! चिंचोके आहेत ना? मुलाने सात ओळींत आठ-आठ मांडावेत आणि स्वतःच पाहावे की हे कोणी ठरवलेले नाही. ज्याला दोन्हींतला भेद एकदा चिंचोक्यांनी कळला, त्याला पुढे कोणी खिडकीतून ‘नियम आहे’ म्हणाले तर निदान एवढे तरी विचारता येईल की हा कोणता नियम, लोखंडाचा की माणसाचा. आणि माणसाचा असेल तर उलट्या आट्यांसारखा कोणाचा जीव वाचवणारा, की नुसताच वाट अडवणारा? एवढे विचारता येणे ही चैन नव्हे. आमच्या वस्तीत तर नव्हेच.

गुण देण्याचा प्रश्न उरतोच. त्या मुलीला त्या उदाहरणाचा गुण मिळायला हवा होता का? मला वाटते, नाही. नऊ हेच उत्तर होते आणि तिला गुण देणे म्हणजे पुढच्या परीक्षेत तिला पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलणे झाले असते. मात्र लाल शाईची फुली मारताना शेजारी चार शब्द लिहायला हवे होते, की तू मंत्र नीट पाळलास, मंत्र अपुरा आहे. फुलीला तेवढी जागा लागत नाही म्हणून ती सोयीची.

ती मुलगी पुढे वर्षभर माझ्या वर्गात होती. तिने एक सवय लावून घेतली. जिथे गरज नाही तिथेही ती कंस घाली: २ + (३ × ४), (१० − ४) + ३. एका तपासनिसांनी वही पाहून विचारले की हे फालतू कंस कशाला? तिने उत्तर दिले, “वाचणाऱ्याला कळावं म्हणून.” ते कंस काढायला मी तिला सांगितले नाही. शाई थोडी जास्त जाई, एवढेच.